आवर्ती खर्च : निरंक

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाने एक परिपत्रक घरोघर वाटले. वसाहतीच्या मध्यभागी जे सामाईक अंगण आहे, जेथे सायंकाळी मुले खेळतात, थंडीच्या दिवसांत वडील मंडळी उन्हाला बसतात आणि भाद्रपदात आम्हां मराठी कुटुंबांचा गणपती मांडवात विराजमान होतो, त्या अंगणावर कृत्रिम हिरवळ अंथरावी, असा प्रस्ताव त्यात आहे. प्रस्तावाला रीतसर तक्ता जोडला आहे. क्षेत्रफळ, दर, मजुरी, प्रत्येक बिऱ्हाडावर पडणारी वर्गणी, सारे काही रकान्यांत व्यवस्थित भरले आहे; आणि शेवटच्या रकान्यात, 'आवर्ती खर्च' या मथळ्याखाली, 'निल' हा एकच शब्द आहे. आपल्या कचेरीच्या मराठीत यालाच 'निरंक' म्हणतात.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात गेली बारा वर्षे कारकुनी करीत आहोत. नस्ती उघडावी, टिपणी लिहावी, वर पाठवावी, खाली आली की पुन्हा वर पाठवावी, हा आमचा नित्यधर्म. या बारा वर्षांत पदोन्नती फारशी पदरी पडली नसली तरी एक ज्ञान मात्र पक्के झाले आहे. कोणत्याही प्रस्तावात सर्वांत लबाड आकडा कोणता असेल, तर तो 'निरंक' होय. वाढवून लिहिलेला आकडा निदान तपासता येतो, कमी करून घेता येतो. 'निरंक' लिहिणाऱ्याने त्या प्रश्नाचा विचारच केलेला नसतो, आणि आपण विचार केला नाही ही गोष्ट त्याने एका शब्दाखाली झाकलेली असते. पाणी थंड करण्याचे यंत्र मंजूर होते, ते दुरुस्त करणारा मनुष्य मंजूर होत नाही. मग ते यंत्र पुढील दहा वर्षे जिन्याखाली उभे राहते आणि त्यावर जुन्या नस्त्या रचल्या जातात. आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या कचेरीत असा एक जिना असेलच.

या प्रस्तावाला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही येथे जाहीरपणे नोंदवीत आहोत. परंतु विरोधापूर्वी एक कबुलीजबाब देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हे पाप आम्हीही केलेले आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही आमच्या तळमजल्यावरील क्वार्टरच्या अंगणात हीच हिरवळ अंथरली. अंगण ते केवढे! चार मीटर रुंद, पाच मीटर लांब. निम्मे सिमेंटचे, निम्मे मातीचे. मातीच्या भागात हरळीचे तुटक ठिगळ, कोपऱ्यात तुळशीची कुंडी, आणि भिंतीशी एक कढीलिंब. हा कढीलिंब आमच्या आधी येथे राहून गेलेल्या एका तामिळ कुटुंबाने लावला होता. त्या कुटुंबाला आम्ही कधी पाहिलेही नाही, पण आमच्या घरची फोडणी मात्र आजतागायत त्यांच्या ऋणात आहे. आमच्या मातोश्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या. रोज पहाटे त्या मातीवर सडा घालीत आणि चार बोटांची रांगोळी काढीत. पावसाळ्यात चिखल घरात येई, उन्हाळ्यात धूळ येई. आम्हांला रविवारी झाडलोटीचा कंटाळा येई. अशा मनःस्थितीत विक्रेता भेटला आणि म्हणाला, "साहब, बिछाइए और भूल जाइए." अंथरा आणि विसरा! कचेरीतून थकून आलेल्या माणसाला याहून गोड मंत्र कोणता? दोन मीटर रुंदीचे दोन पट्टे एका सकाळी अंथरले गेले, मधला सांधा चिकटवला गेला, आणि आमचे अंगण एखाद्या जाहिरातीतल्या चित्रासारखे दिसू लागले.

मातोश्रींनी दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याचा तांब्या हातात घेऊन बाहेर पाहिले आणि एवढेच विचारले, "अरे, आता सडा कुठे घालू?" आम्ही हसलो. त्या हसण्याची आज आम्हांला लाज वाटते.

ही वस्तू मुळात कशासाठी जन्मली, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेत मॉन्सँटो कंपनीने ती तयार केली आणि १९६४ साली प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन या शाळेत प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरली. तेव्हा तिचे नाव 'केमग्रास' असे होते. शहरातील मुलांना खेळण्यास मोकळी जागा मिळत नाही, ती मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता आणि तो वाईट नव्हता. पुढे ह्यूस्टन येथे १९६५ साली ॲस्ट्रोडोम हे छपराखालचे प्रचंड क्रीडागार उघडले. छपरातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपून त्यांना चेंडू दिसेना, म्हणून छपराची तावदाने रंगविण्यात आली. ऊन बंद झाले आणि आतले खरे गवत मेले. तेव्हा १९६६ साली तेथे हे कृत्रिम गवत आले आणि त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव मिळाले. जेथे सूर्य पोचत नव्हता, तेथे निरुपायाने योजलेली ही वस्तू! ती आपण आता तेथे अंथरू पाहतो, जेथे सूर्य वर्षातून आठ महिने सोडता सोडत नाही.

क्रीडांगणावर तिची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. १९७५ साली क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकणारा आपला हॉकी संघ १९७६ साली मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातव्या क्रमांकावर गेला. त्यानंतर अशी मैदाने आपल्याकडे व्हावीत ही मागणी रास्तच होती. परंतु त्या मैदानांना राखणारे नोकर असतात, पाणी मारण्याची व्यवस्था असते, विंचरण्याची यंत्रे असतात. म्हणजे तेथे आवर्ती खर्चाचा रकाना भरलेला असतो. घरगुती अंगणात येताना वस्तू तेवढी आली. नोकर आले नाहीत, यंत्रे आली नाहीत, आणि रकाना 'निरंक' झाला.

आता हा 'निरंक' प्रत्यक्षात कसा भरतो, ते आम्ही आमच्याच चार वर्षांच्या हिशेबावरून सांगतो.

मार्च उजाडला की दिल्लीचे कडुनिंब पाने टाकतात. मातीवरची पाने खराट्याने दोन मिनिटांत निघतात, आणि राहिली तर मातीची होतात. या हिरवळीच्या दातेऱ्यांत ती अडकतात. खराटा मारावा तर तंतू उपटतात, म्हणून मऊ कुंचा हवा. पाने राहू दिली तर ती तेथेच कुजतात, त्यांची बोटभर माती होते आणि तीत रानगवत रुजते. प्लास्टिकच्या गवतातून खरे गवत उपटण्याचे काम आम्ही केले आहे, आणि ते करताना मनात जे विचार आले ते या मासिकात छापण्याजोगे नाहीत.

मे-जूनमध्ये आंधी येते. धूळ तंतूंच्या बुडाशी जाऊन बसते. ती केवळ झाडून निघत नाही, नळीने पाणी मारावे लागते. 'पाण्याची बचत' हा या हिरवळीचा मोठा गुण सांगितला जातो. परंतु राजधानीतील धुळीत ती स्वच्छ ठेवायची तर पाणी लागतेच, उन्हात थंड करायची तर आणखी लागते. आमच्या नळाचे पाणी जड असल्यामुळे ते सुकल्यावर तंतूंवर पांढरी खार धरते, ती पुसणे हे निराळेच काम.

पावसाळ्यात याहून कठीण. या चटईच्या पाठीला लहान छिद्रे असतात, त्यांतून पाणी खाली जावे अशी योजना. खाली खडीचा दाबलेला थर व योग्य उतार असेल तर ते जाते. आमच्या विक्रेत्याने निम्मी चटई सिमेंटवर आणि निम्मी उघड्या मातीवर अंथरली होती. सिमेंटवर पाणी तुंबले, मातीवर गाळाने छिद्रे बुजली, आणि श्रावणात अंगणाला एक आंबूस वास येऊ लागला. एक कोपरा उचलून पाहिला तो खाली शेवाळ, डासांचे आगर आणि एका उंदराचा सुखी संसार.

हिवाळ्यात तंतू निजतात. ज्या वाटेने आपण रोज जातो, तेथे ते पायाखाली दबून कायमचे आडवे होतात. त्यांना त्यांच्या कलाच्या उलट दिशेने कुंच्याने विंचरून उभे करावे लागते, आणि बुडाशी घातलेली वाळू जेथे सरकली असेल तेथे नव्याने पसरावी लागते. ही वाळूच चटईला वजन देते आणि तंतूंना आधार देते. पहिल्या वर्षी आमच्या चटईत ती घातलेलीच नव्हती, ही गोष्ट आम्हांला दुसऱ्या वर्षी कळली. 'विसरा' या मंत्राचा अर्थ विक्रेत्याने स्वतःपुरता नीट लावला होता.

आणि मग डागडुजी! दुसऱ्या हिवाळ्यात मधला सांधा उकलला. विक्रेत्याचा दूरध्वनी लागेना. दुसरा एक गृहस्थ आला, त्याने सांधा पाहिला आणि सांगितले, "इसमें जोड़ने लायक कुछ नहीं, नया डलवा लीजिए." वस्तू विकणारे पुष्कळ, जोडणारा कोणी नाही, ही या व्यापाराची रीत आहे. शेवटी आम्हीच गुडघे टेकून बसलो. वाचकांपैकी ज्यांनी ही चूक आधीच केली आहे त्यांच्यासाठी ती विद्या येथे लिहून ठेवतो. विरोध करणाराने निदान उपयोगी तरी पडावे.

दोन्ही पट्ट्यांच्या तंतूंचा कल एकाच दिशेला असला पाहिजे, नाही तर एका बाजूने पाहिल्यास एक पट्टा गडद व दुसरा फिका दिसतो. कड कापायची ती पाठीमागून, टाक्यांच्या दोन ओळींमधून. पुढून कापले तर तंतू तुटतात आणि सांध्यावर टक्कल पडते. दोन कडांमधील अंतर दोन टाक्यांच्या ओळींमधील अंतराएवढेच ठेवावे. अधिक ठेवले तर भेग दिसते, कमी ठेवले तर उंचवटा येतो. सांध्याखाली रुंद पट्टी घालून तिला डिंक लावावा, दोन्ही कडा बसविताना मध्ये सापडणारे तंतू बोटांनी बाजूला सारावेत, आणि वर वजन ठेवून निदान एक दिवस त्यावर कोणास चालू देऊ नये. दमट दिवशी डिंक धरत नाही. नवा तुकडा गुंडाळीतून काढल्याबरोबर कापू नये. तो काही तास उन्हात पसरून त्याचे आखडणे जाऊ द्यावे.

हे सारे करून आम्ही सांधा जोडला, आणि दिवाळीत भुईनळ्याच्या ठिणग्यांनी तळहाताएवढे भोक पडले. ज्या पदार्थाचे हे तंतू असतात तो सुमारे १२० अंशांना वितळतो. भुईनळ्यापुढे त्याची मात्रा ती काय! भोक चौकोनी कापून नवे ठिगळ लावले, तर ते जुन्या उन्हाने विटलेल्या भागात राजवस्त्रावर नवे पटकूर लावावे तसे उठून दिसू लागले. मग ते काढले आणि बाकाखालच्या, तेवढ्याच विटलेल्या भागाचा तुकडा तेथे बसविला. नवे ठिगळ बाकाखाली गेले. ही युक्ती आम्हांला कोणी शिकविली नव्हती. मातोश्री जुन्या साडीला रफू करताना पदराआडचे सूत काढून वापरीत असत, ते आठवले.

या सर्व खटाटोपातून आमच्या ध्यानात एक साधे सत्य आले. जिवंत वस्तू आपली डागडुजी काही अंशी स्वतःच करते. हरळीवर मांडव घाला, मुले नाचवा, चार महिने पाणी देऊ नका. एक पाऊस पडला की ती पुन्हा उगवते. 'हरळीची मुळी' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रूढ झालेला नाही. मेलेल्या वस्तूला हे सामर्थ्य नाही. तिला पडलेले प्रत्येक भोक ती आपल्या धन्याकरिता राखून ठेवते. म्हणून जिला देखभाल नको असे सांगितले जाते, तिलाच वस्तुतः ती अधिक हवी असते. फक्त पहिले एक वर्ष ती मागत नाही, एवढेच.

आतापर्यंत खर्चाचे व श्रमाचे झाले. परंतु आमच्या विरोधाचे मुख्य कारण याहून वेगळे आहे. पहिल्याच उन्हाळ्यात, जूनच्या एका दुपारी, आमची सहा वर्षांची कन्या चेंडू आणावयास अनवाणी अंगणात धावली आणि किंचाळत परत आली. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मातीवर ती त्याच वेळी, त्याच उन्हात, कितीदा तरी धावली होती. पुढे आम्ही या विषयाचा शोध घेतला तेव्हा कळले की अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली याची मोजमापे झाली होती. हवेचे तापमान सुमारे ३७ अंश असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला, आणि तो शेजारच्या डांबरी पृष्ठभागापेक्षाही अधिक तप्त होता. झाडपाला आपल्या अंगातील पाणी वाफेच्या रूपाने सोडून स्वतःला थंड राखतो. प्लास्टिकपाशी सोडावयास पाणीच नाही. दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सामाईक अंगणाचे काय होईल, याचा हिशेब परिपत्रकात कोठेही नाही. ज्या मुलांसाठी ही हिरवळ आहे असे सांगितले जाते, त्यांनाच उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे पाय ठेवता येणार नाही.

आता प्रतिपक्षाच्या म्हणण्याकडे वळू. त्यात मुळीच तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पहिला आक्षेप पाण्याचा. हिरवळ राखावयास पाणी फार लागते आणि दिल्लीत पाणी दुर्मिळ आहे, हे खरे. कॅलिफोर्नियात अवर्षणाच्या काळात, २०१५ साली, शहरांनी व गृहसंस्थांनी कृत्रिम हिरवळीस मनाई करू नये असे कायदे झाले. परंतु आठच वर्षांनी, २०२३ साली, तेथेच दुसरा कायदा होऊन अशी मनाई करण्याचा अधिकार शहरांना परत मिळाला. त्याच वर्षी युरोपीय संघाने कृत्रिम मैदानांत भरावयाच्या प्लास्टिक-रबरी दाण्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम केला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. ज्यांच्याकडून आपण ही फॅशन उचलतो, ते स्वतः पुनर्विचार करू लागले आहेत. आपण मात्र त्यांनी टाकलेला अंगरखा नवा म्हणून शिवून घेत आहोत.

शिवाय अंगणात हिरवळच हवी, हे कोणी ठरविले? १९११ साली राजधानी येथे आणण्याची घोषणा झाली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या ओल्या, थंड देशातली हिरवळ या कोरड्या भूमीत बंगल्याबंगल्यापुढे वाढविली. ती त्यांच्या स्मृतीची नक्कल होती. आपण आता त्या नकलेची प्लास्टिकमध्ये नक्कल करीत आहोत. आमच्या कोकणात अंगणात गवत असणे हे घर ओस पडल्याचे लक्षण समजतात. पावसाळ्यात अंगण शेवाळते, खचते. पाऊस सरला की नवी माती घालून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपचोपून ते नवे करतात, वर शेणाने सारवतात. दर वर्षी! त्या अंगणाच्या आवर्ती खर्चाचा रकाना कधी 'निरंक' नव्हता. तो घरातल्या बायकामाणसांच्या खांद्यांत आणि कमरेत लिहिलेला असे. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ते कष्ट बहुधा बायकांच्याच वाट्याला येत, हेही आम्ही विसरलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की अंगण ही करावी लागणारी गोष्ट आहे, हे तेथे सर्वांना माहीत होते.

दुसरा आक्षेप चिखलाचा. त्याला उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत : येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी, कडेने पाण्याला उतार, मध्ये चोपलेली माती, आणि जेथे पाय कमी पडतात तेथे हरळी. जेथे माती नाहीच अशा गच्चीवर, किंवा ज्यांचे गुडघे दुखतात अशा वृद्धांच्या सज्जात कोणी दोन हात चटई अंथरली, तर त्यावर आम्ही लेखणी झिजविणार नाही. आमचा वाद जिवंत मातीला झाकण घालण्याशी आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे. "आपण येथे किती दिवस? तीन वर्षे, फार तर पाच. मग बदली. कोणासाठी माती चोपायची?" वाचकहो, हा प्रश्न आम्हांलाही रोज पडतो. आपण बदलीची माणसे. भोपाळ, गुवाहाटी, चेन्नई, जेथे आज्ञा होईल तेथे ट्रंका उचलणारी. घर सरकारचे, जमीन सरकारची, शेजार यादृच्छिक. अशा जीवनात 'अंथरा आणि विसरा' हा मंत्र मनाला किती पटकन पटतो! आपण नुसती हिरवळच अशी अंथरत नाही. शेजार, त्या प्रांताची भाषा, तेथील माणसे, सारे आपण असेच वरवर अंथरून घेतो, सांधा न जोडता. आणि बदली झाली की गुंडाळावयासही थांबत नाही.

पण मग तो कढीलिंब कोणी लावला? ज्या कुटुंबाने तो लावला, त्यालाही आपली बदली होणार हे ठाऊक होतेच. झाडाचा पाला आपल्याला पोटभर मिळणार नाही, हेही ठाऊक असावे. तरी त्यांनी तो लावला. आमच्या विक्रेत्याने चटई त्याच्या बुंध्यापर्यंत ताणून बसविली आणि झाड वर्षभरात रोडावले. आम्ही बुंध्याभोवती दोन हातांचे वर्तुळ कापून काढले, माती मोकळी केली, तेव्हा कोठे दुसऱ्या पावसात त्याला पालवी आली. आमच्यानंतर येणाऱ्या कुटुंबाला आम्ही काय ठेवून जाणार, हा प्रश्न तेव्हा आम्हांला प्रथम पडला. आधीच्याने आम्हांला कढीलिंब दिला. आम्ही पुढच्याला विटलेले, तंतू झडणारे, उंदरांनी पोखरलेले वीस चौरस मीटर प्लास्टिक देणार काय? ते पुन्हा वितळवून वापरावे म्हटले तर तेही सोपे नाही. तंतू एका पदार्थाचे, पाठ दुसऱ्याची, वरचा लेप तिसऱ्याचा, आणि सगळ्यांत मुरलेली वाळू. ते शेवटी शहराबाहेरील कचऱ्याच्या डोंगरावरच जाणार. आणि उन्हाने ठिसूळ झालेल्या तंतूंचा हिरवा चुरा तर आजच आमच्या मोरीच्या जाळीत दिसतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरता निर्णय घेतला आहे. मातीवरची अर्धी चटई गेल्या थंडीत काढली. तिचा जो भाग धड होता तो गुंडाळून ठिगळांसाठी ठेवला. सिमेंटवरची अर्धी मात्र आम्ही फेकणार नाही. जी वस्तू आपण हौसेने आणली, ती तिच्या शेवटच्या तंतूपर्यंत वापरणे, विंचरणे, धुणे, सांधणे हे आपले प्रायश्चित्त आहे, असे आम्ही समजतो. ज्यांनी अंथरली आहे त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे : काढून टाकण्याची घाई करू नका, पण विसरूही नका. उरलेले तुकडे जपून ठेवा, पावसाळ्यापूर्वी छिद्रे मोकळी करा, दुपारी मुलांना अनवाणी जाऊ देऊ नका, आणि झाडांच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. ज्यांनी अंथरली नाही त्यांना एकच सांगणे : अंथरू नका.

सामाईक अंगणाच्या प्रस्तावावर येत्या रविवारी सभा आहे. तेथे आम्ही भाषण करणार नाही. कारकुनाला भाषण शोभत नाही. आम्ही फक्त तो तक्ता मागून घेणार आहोत आणि शेवटच्या रकान्यातील 'निल' खोडून तेथे चार प्रश्न लिहिणार आहोत. चैत्रात पाने कोण उचलणार? आषाढात छिद्रे कोण साफ करणार? सांधा उकलला तर कोण जोडणार? आणि आपल्या सर्वांच्या बदल्या झाल्यावर हे कोण उचलून नेणार? प्रत्येक प्रश्नापुढे कोणी आपली सही केली, तर वसाहतीतील पहिली वर्गणी आमची. सही कोणी केली नाही, तर त्याच पैशांत चार गाड्या माती आणि एक चोपणे आणावे, अशी आमची उपसूचना राहील.

आमच्या अंगणात मोकळ्या झालेल्या मातीत हरळीने कोणाचीही मंजुरी न घेता डोके वर काढले आहे. मातोश्रींनी पहाटेचा तांब्या पुन्हा हातात घेतला आहे. रविवारची झाडलोट आता आमच्याकडे आहे. कंटाळा येतो, पण तो रकान्यात लिहिलेला आहे.